चांगदेव घरतांचा कट

इंग्रजी येत नाही असं चांगदेव घरतांना कोणी कधी तोंडावर म्हटलं नव्हतं. म्हणणार तरी कोण? न्हावा शेवाच्या बाजूला एका कंटेनर यार्डात ते सुपरवायझर होते, आणि यार्डाचा सगळा कारभार इंग्रजीतच चालतो. लिफ्ट, लोअर, होल्ड, डॅमेज, सील, एम्टी. एवढ्या भांडवलावर घरतांनी घराएवढे कंटेनर इकडचे तिकडे केले होते. उरलेलं इंग्रजी ते हातांनी बोलत. बोटं वर गेली की उचल, तळवा खाली आला की सोड, आणि दोन्ही हात डोक्यावर गेले की सगळ्यांनी पळायचं. जासईत त्यांच्या आळीत तर औषधाच्या बाटलीवरचं किंवा कोर्टाच्या नोटिशीवरचं इंग्रजी वाचून घ्यायला लोक घरतांकडेच येत. घरत चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत, "हं" म्हणत आणि "डॉक्टरला विचार" किंवा "वकिलाला दाखव" यांपैकी योग्य तो सल्ला देत. तो कधी चुकल्याचं कोणाला आठवत नाही.

मग यार्डाचे मालक बदलले. हेड ऑफिस सिंगापूरला गेलं, आणि तिथल्या एका मॅडमनी फर्मान काढलं की प्रत्येक सुपरवायझरशी त्या व्हिडिओ कॉलवर समोरासमोर इंग्रजीत बोलणार.

"काही टेन्शन घेऊ नका, दादा," मॅनेजर केतन म्हणाला. हा पुण्याहून एमबीए होऊन आलेला, वयाने घरतांच्या पुतण्याएवढा. "नुसत्या गप्पा मारायच्या आहेत."

"कशाबद्दल?"

"काहीही."

घरत अडले ते इथे. कंटेनरबद्दल विचारा, सीलबद्दल विचारा. पण "काहीही" या विषयावर ते मराठीतसुद्धा बोलत नसत.

"आणि नाही जमलं तर?"

"तर गेटवर बदली. पगार तोच."

पगार तोच राहील हो, पण गेटवर मोरू होता. मोरू म्हणजे घरतांचा साडू, गेटचा इनचार्ज. गेली कित्येक वर्षं सासरच्या प्रत्येक लग्नात घरत खुर्चीवर आणि मोरू पंगतीत वाढायला, अशी व्यवस्था लागलेली होती. आता त्याच मोरूच्या हाताखाली बसून ट्रकचे नंबर लिहायचे? आणि येत्या हळदीला मोरू सगळ्यांदेखत विचारणार, "काय चांगदेवराव, उद्या वेळेवर येताय ना ड्युटीला?" या कल्पनेने घरतांना दोन दिवस सुकट गोड लागली नाही.

बातमी आळीत पोचायला वेळ लागला नाही, आणि सल्ले तर बातमीच्या आधीच पोचले. एकाने इंग्रजी बातम्या लावून झोपायला सांगितलं, म्हणजे आपोआप डोक्यात शिरतात. एकीने गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या सुचवल्या, कारण जीभ जड असेल तर इंग्रजी अडकतं. घरतांची बायको हेमाली हिचा सल्ला सगळ्यांत सोपा होता. "तुम्ही गप्प बसा आणि मान हलवा. माझ्याशी बोलताना करता तसंच."

पण शेवटी मानला गेला तो बाळाजी ठाकुरांचा सल्ला. बाळाजीभाऊ शेजारी राहत. एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. पण गाड्या पुकारायची सवय निवृत्त झाली नव्हती. ते "चहा झाला का" असं विचारायचे तरी कोणीतरी पिशव्या उचलून उभं राहायचं. ते म्हणाले, "उरणात प्रणय सर आहेत. मावा केकच्या दुकानावर क्लास. ते व्याकरण शिकवत नाहीत, चर्चा करतात. चर्चेत शब्द आपोआप येतात. चल, मीही येतो सोबतीला."

प्रणय सर तीसेक वर्षांचे, दाढी राखलेले, काही काळ मुंबईत सिनेमाच्या सेटवर कोणाच्यातरी मदतनिसाचे मदतनीस होते. तिथून परत आले तेव्हा त्यांच्याकडे सिनेमाचं ज्ञान होतं आणि सिनेमा नव्हता. त्यामुळे त्यांच्या क्लासात इंग्रजीची चर्चा व्हायची ती एकाच विषयावर. सिनेमा कसा बनवतात.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर शब्द लिहिले. क्रेन, बूम, डॉली, ट्रॅकिंग. घरतांच्या जिवात जीव आला. सगळे ओळखीचे! एवढंच असेल तर मॅडमना उद्याच बोलवा.

"क्रेन म्हणजे काय, कोण सांगेल?"

घरत उठले आणि रबर टायरच्या क्रेनवर, तिच्या दोरांवर, ब्रेकवर आणि वारा सुटल्यावर घ्यायच्या काळजीवर मराठीत आणि हातांनी बराच वेळ बोलले. वर्ग थक्क झाला.

"छान," सर म्हणाले. "फक्त आपली क्रेन कॅमेरा उचलते."

"केवढा?"

सरांनी पावाच्या लादीएवढा आकार दाखवला.

"त्याला क्रेन कशाला? माणूस उचलेल की."

सर दाढीतल्या दाढीत हसले आणि पुढे गेले. बूम म्हणजे क्रेनचा हात, हे घरत सांगणार तोच कळलं की नाही, बूम म्हणजे माइक बांधलेली काठी. डॉली म्हणजे ट्रेलरच्या पुढे लावायचा आधार नव्हे, कॅमेऱ्याची गाडी. ट्रॅकिंग म्हणजे कंटेनर कुठे पोचला ते बघणं नव्हे, चालणाऱ्या माणसाच्या बाजूबाजूने कॅमेरा पळवणं. थोडक्यात, घरत क्लासला गेले तेव्हा त्यांना काही शब्द येत होते, आणि परत आले तेव्हा तेही येईनासे झाले होते. फी भरून माणसाचं इतकं नुकसान क्वचित होत असेल.

दुसऱ्या दिवशी यार्डात क्रेनवाल्याने वरून ओरडून विचारलं, "दादा, बूम वर घेऊ?"

"कुठला बूम?" घरतांनी खालून विचारलं.

क्रेनवाल्याने घाबरून इंजिनच बंद केलं. आपल्याला दिसत नाही असं काहीतरी दादांना दिसलंय, अशी त्याची समजूत झाली.

तरी घरतांनी क्लास सोडला नाही. मोरू डोळ्यांपुढे होता. एस्टॅब्लिशिंग शॉट म्हणजे आधी जागा दाखवणं, लाँग शॉट म्हणजे लांबून, क्लोजअप म्हणजे नाकाशी जाऊन, पॅन म्हणजे कॅमेऱ्याने सावकाश मान वळवणं (पॅन कार्डाशी संबंध नाही, हे सरांना दोनदा सांगावं लागलं), आणि कट म्हणजे एक दृश्य तोडून दुसऱ्यावर जाणं. रोज संध्याकाळी घरत ओट्यावर फेऱ्या मारत हे पाठ करायचे. हेमाली कालवण ढवळत असताना ते मोबाइल घेऊन पातेल्यात वाकायचे आणि म्हणायचे, "क्लोजअप ऑफ फिश." हेमाली म्हणायची, "वाफ लागेल हो." वाफ लागायचीच.

क्लास संपत आला तसं सरांनी गृहपाठ दिला. प्रत्येकाने दोन मिनिटांचं चित्रीकरण करायचं, आणि करताना सगळ्या सूचना इंग्रजीत द्यायच्या. घरतांनी ठरवलं, हे आपण इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळीच करायचं. म्हणजे ताजा सराव होईल, आणि दुपारी मॅडम भेटतील तेव्हा तोंड तापलेलं असेल.

विषयही ठरला. मिठागराच्या बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन चाललेली म्हातारी, आणि मागे बंदराच्या उंच क्रेन. जुनं आणि नवं. सर "वा" म्हणाले. म्हातारी घरचीच होती. घरतांची आई, ठमाबाई. तरुणपणी तिने खरंच मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या.

बाळाजीभाऊ मात्र शिस्तीचे. म्हणाले, परवानगी काढली पाहिजे. मग घरत रजा टाकून त्यांच्याबरोबर हिंडले. पहिल्या कचेरीत सांगितलं, जागा आमच्या हद्दीत आहे पण मिठागर आमचं नाही. दुसऱ्या कचेरीत सांगितलं, मिठागर आमचं आहे पण बांध आमचा नाही. तिसऱ्या ठिकाणी विचारलं, मागे क्रेन दिसणार का? दिसणार असतील तर क्रेनवाल्यांना विचारा. क्रेनवाल्यांकडचा माणूस जेवायला गेला होता. बाळाजीभाऊंनी एकंदर विचार करून निकाल दिला, "नाही असं कोणीच म्हणालं नाही. म्हणजे हो."

आदल्या संध्याकाळी घरत अंगणात फोनवर बाळाजीभाऊंशी ठरवाठरवी करत होते. ठमाबाई ओट्यावर जवळा निवडत बसली होती. तिच्या कानावर आलं ते असं:

"हो, आईलाच घ्यायचं. तिला अजून बोललो नाही, आधी कळलं तर यायची नाही. बांधावर नेऊ. पहिलं लांबून, मग जवळून. आणि मग कट. कट झाला की आईचं काम संपलं."

ठमाबाईने जवळ्याचं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि लुगडी पिशवीत भरू लागली. हेमालीने विचारलं तर म्हणाली, "मी पेणला पोरीकडं जातंय. माज्या पोरानं नि त्या बाळाजीनं कट केलाय. मना मिठागरावर नेऊन माजं काम संपवणार हाय."

हेमालीने नवऱ्याला आत बोलावलं. पुढची घटकाभर घरत आईला कट म्हणजे कट नव्हे हे समजावत होते. तो गुंता सुटेपर्यंत त्यांनाच मधूनमधून शंका येत होती. शेवटी "सिनेमा" हा शब्द आल्यावर ठमाबाई थांबली.

"मना शिनेमात घेतंस?"

"हो, आई."

"तं आदी सांगावं न्हाय? न्हायतं जुनं लुगडं नेसून येणार हुते मी." आणि तिने पिशवीतलं सगळ्यांत चांगलं लुगडं बाहेर काढलं.

सकाळी बांधावर मंडळी जमली. ठमाबाई जरीच्या लुगड्यात, गळ्यात सगळे दागिने, डोक्यावर रिकामी पाटी. मिठाचं काम करणारी बाई इतकी सजलेली कोणी पाहिली नसेल, पण ती ऐकेना. बाळाजीभाऊंनी आंबे काढायच्या आकडीला इअरफोनचा माइक दोऱ्याने बांधून आणला होता. राहता राहिला क्रेन शॉट. त्यासाठी घरतांनी गावातल्या कमलेशला जेसीबी घेऊन बोलावलं होतं. घरत त्याच्या बकेटमध्ये उभे राहिले, कमलेशने बकेट वर नेलं, आणि चांगदेव घरत, हातात मोबाइल, मिठागराच्या वर अधांतरी, आयुष्यात पहिल्यांदा सलग इंग्रजी बोलू लागले.

"साउंड रेडी?"

"बूम रेडी!" बाळाजीभाऊंनी एसटी स्टँडच्या आवाजात उत्तर दिलं. पलीकडच्या खाडीतले बगळे उडाले.

"अ‍ॅक्शन!"

कमलेशला वाटलं, अ‍ॅक्शन त्याला सांगितली. त्याने बकेट आणखी वर नेलं. ठमाबाई झकास चालत निघाली, पण अर्ध्या बांधावर तिला जुनी मैत्रीण भेटली आणि ती पाटी खाली ठेवून बोलत बसली.

"कट! कट!" घरत वरून ओरडले.

"बूम काढू का ठेवू?" बाळाजीभाऊ खालून गरजले.

"बूम राहू दे! आईला शूट करायचंय परत!"

एव्हाना रस्त्यावर माणसं थांबली होती. बंदराची भिंत तिथून फार लांब नव्हती. भिंतीजवळ जेसीबी, जेसीबीत उभा माणूस, तो कट कट ओरडतोय, आणि खाली दुसरा काठी घेऊन बूम बूम करतोय, असा फोन कोणीतरी पोलिसांना केला. जीप आली. कमलेशला जेसीबी हलवायला लावलं आणि बाकीच्यांना बसवून चौकीत नेलं. ठमाबाईला यायची गरज नव्हती, पण ती म्हणाली, "माजं काम अजून हुयाचं हाय," आणि पुढच्या सीटवर बसली.

चौकीतले साहेब शांत माणूस होते. त्यांनी ठमाबाईला चहा मागवला, कागद ओढला आणि विचारलं, "काय चाललं होतं?"

"क्रेन शॉट, साहेब," घरत म्हणाले.

"क्रेनला शॉट लागला? कोणाला इजा?"

"न्हाय न्हाय. क्रेन न्हाय, जेसीबी. जेसीबीने क्रेन शॉट."

साहेबांनी पेन थांबवलं. "बरं. तुम्ही कट कट ओरडत होतात?"

"हो, कट करायचा होता. पण आई मध्येच थांबली म्हणून आधीच कट करावा लागला."

"कटात आणखी कोण?"

"हे बाळाजीभाऊ. यांच्याकडे बूम होता."

बाळाजीभाऊ इतके घाबरले की पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. त्यामुळे संशय आणखी वाढला. साहेबांनी मजकूर वाचून दाखवला: "सदर इसमाने आईसह कट केल्याचे मान्य केले असून, त्याच्या साथीदाराकडे काठीस बांधलेले उपकरण मिळून आले, त्यास ते बूम असे संबोधतात. क्रेनचा वापर करावयाचा होता, परंतु ती न मिळाल्याने जेसीबी वापरला."

घरतांनी प्रत्येक वाक्य ऐकलं. प्रत्येक वाक्य खरं होतं. एकही खोडता येईना. आपण नेमकं काय केलं, याबद्दल त्यांचाच गोंधळ उडाला.

ओळख पटवायला केतनला बोलावलं होतं. तो धावत आला. घरतांना वाटलं, सुटलो. पण केतनच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर घाम. "दादा, मॅडम लाइनवर आहेत. वेळ अलीकडे आणली त्यांनी. मी सांगितलं बाहेर आहेत, तर म्हणाल्या, जिथे असतील तिथून बोलू देत."

घरतांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हात केला, बोला.

फोनवर पांढऱ्या कॉलरचा सदरा घातलेल्या मॅडम दिसत होत्या. "गुड मॉर्निंग, मिस्टर घरत. व्हेअर आर यू?"

घरतांनी पाठ केलेलं सगळं, माय नेम इज पासून, त्या क्षणी डोक्यातून उडालं. उरलं ते फक्त क्लासातलं.

"एस्टॅब्लिशिंग शॉट, मॅडम," ते म्हणाले. "पोलीस चौकी."

केतनने डोळे मिटले.

"सॉरी?"

"लाँग शॉट. वन टेबल. वन फॅन, नॉट मूव्हिंग." घरतांनी फोन सावकाश वळवला. "पॅन लेफ्ट. माय मदर. ड्रिंकिंग टी. व्हेरी हॅपी. पॅन राइट. माय फ्रेंड बाळाजी, साउंड डिपार्टमेंट. नॉट हॅपी."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "अँड यू?"

घरतांनी फोन स्वतःच्या नाकाशी आणला. "क्लोजअप, मॅडम. स्वेट."

"व्हॉट हॅपन्ड?"

"फ्लॅशबॅक, मॅडम." आणि घरतांनी सांगायला सुरुवात केली. मॉर्निंग. सॉल्ट. मदर वॉकिंग, बास्केट ऑन हेड. मी इन जेसीबी, लाइक क्रेन, मेकिंग स्मॉल फिल्म, फॉर इंग्लिश क्लास. मदर स्टॉप, टॉकिंग टू फ्रेंड. आय से कट. फ्रेंड से बूम. पब्लिक हिअर बूम. पब्लिक फोनिंग. पोलीस जीप एंटर, फ्रॉम लेफ्ट. त्यांनी एकेक चित्र डोळ्यापुढे आणलं आणि जसं दिसलं तसं पुढे ठेवलं. क्रियापदं जिथे सापडली नाहीत तिथे हात वापरले. मॅडमनी आधी तोंडावर रुमाल धरला, मग हसून हसून त्यांचा फोन थरथरायला लागला.

संपलं तेव्हा सगळ्यांत आधी चौकीतले साहेब बोलले.

"म्हणजे तुम्ही इंग्रजी क्लासच्या अभ्यासासाठी आईचा व्हिडिओ काढत होतात?"

"हो, साहेब."

"मग हे मराठीत सांगता आलं नाही?"

घरतांनी खरंच आठवून पाहिलं. मराठीतही त्यांनी हेच सांगितलं होतं, असं त्यांना वाटत होतं. साहेबांनी "कट" खोडून "चित्रीकरण" लिहिलं, भिंतीजवळ पुन्हा जेसीबी नेऊ नका म्हणून बजावलं आणि सोडून दिलं. ठमाबाई दुसरा चहा संपेपर्यंत उठली नाही.

निकाल केतनने यार्डात सांगितला. "दादा, पास. मॅडम म्हणतात, इतकं स्पष्ट सांगणारा सुपरवायझर त्यांना अजून भेटला नाही. म्हणून त्यांनी ठरवलंय, यार्डातल्या बाकीच्यांना इंग्रजी तुम्ही शिकवायचं. रोज जेवणाच्या सुट्टीत."

घरतांना हे बढती आहे की शिक्षा, ते कळलं नाही. हेमालीला विचारलं तर ती म्हणाली, पगार वाढला असेल तर बढती. पगार तोच होता.

पहिल्या दिवशी कँटीनच्या शेडमध्ये क्रेनवाले, ट्रेलरवाले, सगळे डबे उघडून बसले. घरत फळ्यापुढे उभे. पहिला प्रश्न क्रेनवाल्याचाच आला. आता रजेचा मेसेजसुद्धा इंग्रजीत पाठवायचा नियम झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी जासई गावची जत्रा होती.

"दादा, उद्या मी येणार नाही, हे केतन साहेबांना इंग्रजीत कसं कळवायचं?"

घरतांनी डोकं खाजवलं. रजेला लीव्ह म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. पण लीव्ह म्हणजे सोडणं, लिव्ह म्हणजे जगणं, आणि यांत कुठला ऱ्हस्व कुठला दीर्घ हे त्यांना कधीच लक्षात राहिलं नव्हतं. एखाद्याने रजा मागायला जावं आणि नोकरीच सुटावी, किंवा कंपनीकडे जगायची परवानगी मागितल्यासारखं व्हावं, हे बरं दिसणार नाही. समोर सगळे घास हातात धरून थांबले होते. घरतांनी फळ्यावर सावकाश लिहिलं आणि मोठ्याने वाचलं:

"टुमारो आय अ‍ॅम नॉट इन द सीन."

सगळ्यांनी ते तीनदा म्हटलं. काहींनी मोबाइलमध्ये उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्ड शांत. क्रेन उभी, ट्रेलर उभे. मोजकी माणसं इकडेतिकडे हिंडत होती. केतन मोबाइल हातात धरून घरतांकडे आला. पडद्यावर एकाखाली एक तेच वाक्य आलेलं. तो काही विचारणार तोच सिंगापूरहून फोन आला.

"केतन, व्हेअर इज एव्हरीबडी?"

केतनने तोंड उघडलं. पुण्यात दोन वर्षं इंग्रजीत शिकलेलं सगळं त्याच्याजवळ होतं, पण गावची जत्रा, पालखी, मानाचा नारळ आणि अर्धी शिफ्ट हे एका वाक्यात बसेना. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, टुडे... दे आर नॉट इन द सीन."

"आह," मॅडम म्हणाल्या. "ओके. नोटेड." आणि फोन ठेवला.

केतनने मोबाइल बंद केला.

"दादा, हे बरोबर इंग्रजी आहे का हो?"

"मला काय विचारता? एमबीए तुम्ही."

"मला आता काहीच सांगता येत नाही."

"पण कळलं त्यांना."

"कळलं खरं." केतनने घड्याळ पाहिलं, मग जासईच्या दिशेने पाहिलं. वाऱ्यावर ढोल ऐकू येत होते. "दुसरी शिफ्ट बाराला येते ना?"

"येते."

केतनने मोबाइल पुन्हा उघडला, मॅडमचं नाव काढलं आणि अंगठा तसाच अधांतरी धरून विचारलं, "दादा, 'आम्ही दोघंही' हे इंग्रजीत कसं म्हणायचं?"